तात्यांच्या विहिरीतलं हरीण आणि गप्प बसलेलं गाव

जामनगरच्या अलीकडं तेलाचा एक भलामोठा कारखाना उभा राहतोय, तिथं मी वेल्डिंग करतो. नळीला नळी जोडायची, तोंडावरचं झाकण वर करायचं, पुढच्या नळीकडं जायचं. दुपारी जेवताना आमच्या टोळीतला भरतभाई फिटर सिंहाच्या गोष्टी सांगतो. त्याचं गाव गीरच्या कडेला. सिंह त्याच्या आत्याच्या अंगणातून गेला, सिंहानं त्याच्या चुलत्याची म्हैस नेली आणि चुलत्यानं म्हणे वर हात जोडले. एवढं सांगून झालं की तो माझ्याकडं बघून विचारणार, "तुमच्याकडं काय आहे? ऊस?"

एक दिवस मी तापलो. म्हटलं, "आमच्या नगर जिल्ह्यात काळवीट आहेत. पीळ घातलेली शिंगं, एवढी लांब. माझा सख्खा मामा त्यांची राखण करतो."

"तू पाहिलेस?"

खरं सांगायचं तर एकही नाही. मी श्रीरामपूरला उसाच्या कडेनं वाढलो. सातवीनंतर शाळा सुटली आणि कामाच्या मागं गाव सोडलं ते सोडलंच. कर्जतकडचं मामाचं गाव लहानपणी दोनदा पाहिलेलं, तेही लग्नांच्या गर्दीत. मी गप्प झालो आणि टोळी हसली. मी गप्प होणं हीच त्यांना मोठी गंमत, कारण झोपेतही माझी टकळी चालू असते असं खोलीतली पोरं सांगतात. त्याच संध्याकाळी ठेकेदाराकडं बारा दिवसांची रजा मागितली. त्यानं दहा दिली.

तुमच्यापैकी कोणी त्या बाजूनं येणार असेल तर रस्ता सांगून ठेवतो. जामनगरहून सुरत, सुरतेहून भुसावळकडं जाणारी पॅसेंजर. घाई असलेल्या माणसानं या पॅसेंजरमध्ये बसू नये. मला घाई होती आणि मी बसलो. नंदुरबारला शेंगा, अमळनेरला केळी, असं खात खात जळगाव गाठलं, तिथून मनमाड. मनमाडला दौंडच्या बाजूची गाडी धरायची. आता एक लक्षात ठेवा, श्रीरामपूर नावाचं स्टेशन शोधू नका. गाव श्रीरामपूर, पण स्टेशनच्या पाटीवर बेलापूर लिहिलंय. नवखा माणूस पाटी वाचून आत बसून राहतो आणि राहुरीला उतरतो.

घरी आई म्हणाली, "आलास ते बरं झालं. आता दोन दिवस बूड टेकव."

"उद्या मामाकडं निघतो."

"पायाला भिंगरी बांधूनच जन्मलास," असं म्हणत तिनं भावासाठी गुळाची ढेप बांधून दिली. ती ढेप मी पुढं दोन एसट्यांत मांडीवर घेऊन बसलो होतो.

श्रीरामपूरहून नगरला एसटी, माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून कर्जतची दुसरी एसटी. दोन्ही मिळून साठ रुपयांच्या आत भागतं. नगर सोडून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की आपल्या ओळखीचा जिल्हा संपतो. ऊस जातो, कालवे जातात. नुसतं मोकळं माळरान, मधेमधे ज्वारी आणि दगड. मिरजगावला गाडी थांबते, तिथं गरम भजी मिळतात, पण कंडक्टरवर डोळा ठेवून खा. कर्जतला पोचल्यावर वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपला लोंबकळून मामाचं गाव. ते रेहेकुरीच्या अभयारण्याला लागूनच आहे, मधे एक पाऊलवाट आणि थोडा हरभरा. गावात राहायची सोय नाही, पाहुणा असाल तरच. नाहीतर मुक्काम कर्जतला करा आणि पहाटे निघा.

किसनमामा दारातच उभा होता. रोजंदारीवरचा वनमजूर, अंगात विटलेला खाकी शर्ट, काटक. मी "जय भीम मामा" म्हणत वाकलो तर त्यानं मला दंडाला धरून वर उचललं.

"काय भाचं, गुजरातनं पार वाळवलं की रं तुला."

मामीनं हुलग्याची शेंगोळी केली होती, लसणाचा ठेचा लावून. मी दोन ताटल्या हाणल्या. तिसरी मामीनं न विचारता वाढली.

पहाटे मामाबरोबर निघालो. थंडी होती, ज्वारी निसवून दाणे भरलेले. पांढरा सदरा काढायला लावून त्यानं मला स्वतःचा जुना खाकी दिला. वाटेत मी विचारत होतो, लांडगे आहेत का, साप किती, तुला पगार किती. मामा थांबला.

"हे बघ, एकतर तुझी टकळी चालंल, न्हाईतर हरीन दिसंल. काय पायजे ते ठरव."

मी तोंड मिटलं. बाभळीच्या आडोशाला बसलो. गवत पिवळं पडलेलं, त्यावर ऊन यायला लागलं आणि त्या पिवळ्यातूनच एक एक हरीण वेगळं व्हायला लागलं. आधी माद्या, गवताच्याच रंगाच्या. मग एक काळवीट पुढं आला. वरून काळाभोर, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं, आणि शिंगं अशी की कोणी तापवलेला लोखंडी गज पिळून सोडलाय. कशाला तरी बिचकून कळप उधळला आणि एकामागं एक सगळे हवेत. जमिनीला पाय लागले की पुन्हा हवेत. मी उभाच राहिलो. हे आमच्या जिल्ह्यात रोज सकाळी होतं आणि मी परमुलखात बसून ऊस म्हणून घेत होतो!

परत येताना हरभऱ्याच्या बांधावर शिवाजीतात्या भेटले. मोठे बागायतदार नाहीत, पण खाऊनपिऊन सुखी, जीभ मात्र तिखट.

"किसन, रातच्याला तुजी जनावरं माजा हरभरा खाऊन गेली. पावती बी दिली न्हाई."

"तात्या, तुमचा हरभराच गोड हाय, त्याला मी काय करू?"

"गोड हाय म्हणं! ह्यो भाचा का? पोरा, तुझ्या मामाला तिकडं ने गुजरातला, हरनांसकट. लई उपकार व्हतील." आणि लगेच वाकून मूठभर ओले घाटे उपटून त्यांनी माझ्या हातात कोंबले.

मामी चुलीपुढं बसून संध्याकाळी जे बोलली ते ऐकल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आदल्या वर्षी गावच्या एका विहिरीत हरणी पडली होती. इकडच्या विहिरींना कठडे नाहीत. कुत्री मागं लागली की जनावर धावत येतं आणि थेट आत. गावानं मोठ्या हौसेनं तिला काढलं. ओरडत, आरोळ्या देत. वर आल्यावर कोणी हलगी वाजवली. तात्यांच्या बायकोनं, गोदाकाकूंनी, ताट आणून तिला ओवाळलं, कपाळाला हळदकुंकू लावलं. माहेरवाशीण आली म्हणाल्या. पोरांनी अंगावरून हात फिरवले, कोणी पाणी पाजायला गेलं. आणि ओवाळून होईपर्यंत हरणीनं मान टाकली. अंगावर एक ओरखडा नव्हता.

"भ्यानं मेली," मामा म्हणाला. "मानूस म्हंजी तिला वाघ. आपन माया करत हुतो आन् तिला वाटत हुतं आता खात्यात."

दुसऱ्या दिवशी गिधाडं उतरली. गोदाकाकू कितीतरी दिवस कोणाच्या हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. मामानं मग घरोघर जाऊन सांगितलं, पुन्हा कधी पडली तर आवाज नको, हात नको, काही नको. गावानं हो म्हटलं. "पर व्हय म्हनायला काय जातंय," मामा म्हणाला. "आपलं गाव. दोन मानसं बांधावर भेटली तर तिसऱ्या शिवारात ऐकू जातं."

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी गोदाकाकू आमच्या दारात. धावत आलेल्या, तरी हाक मारली नाही. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "किसनभाऊ, आमच्या हिरीत हरीन पडलंय. गाभन हाय वाटतं."

मामानं उपरणं खांद्यावर टाकलं. मामीनं जुनं लुगडं फाडून पट्ट्या करायला घेतल्या, मी गोणपाट आणि दोर उचलले.

विहिरीवर पोचलो तेव्हा निम्मं गाव तिथं. पण काठावर कोणी नाही! सगळे लांब, चिंचेखाली, जमिनीवर बसलेले. कुत्री बांधलेली. गोदाकाकू पाऊलवाटेवर जाऊन उभ्या राहिल्या, तोंडात पदराचा बोळा, येणाऱ्याला बोटानं गप्प करत. एकजण लुनावर फटफट करत आला तर त्याला तिथंच बंद करायला लावून ढकलत आणायला लावली. एका म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली तर तो बिचारा स्वतःच उठून ज्वारीत जाऊन खोकून आला.

मामानं तात्यांच्या कानाशी विचारलं, "मोटार बंद हाय न्हवं?"

"लाईटच न्हाई सकाळधरनं. मोटार कशानं चालंल?"

दोर वर तात्यांनी आणि चौघांनी धरला. आधी मामा उतरला, मागून मी. ही तीच विहीर, जिथं माझ्या आजोबांना वरून ओंजळीत पाणी वाढायचे. आज त्याच विहिरीत त्यांचा मुलगा उतरत होता आणि दोर तात्यांच्या मुठीत होता. मला हे तेव्हा सुचलं नाही, पाय टेकायला जागा शोधत होतो. नंतर सुचलं आणि अजून सुचतं.

हरणी पोटापर्यंत पाण्यात, खडकाच्या टप्प्यावर उभी. समोरच्या टप्प्यावर पाण्याची मोटार. हरणीचं सगळं अंग थरथरत होतं, पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. मामा मागून गेला आणि ओलं उपरणं तिच्या डोळ्यांवर टाकलं. तिनं अशी लाथ झाडली की माझी मांडी सुन्न झाली. एरवी मी काय काय बोललो असतो ते इथं लिहिता येणार नाही. दात आवळले. डोळे झाकल्यावर ती हळूहळू सैल पडली. लुगड्याच्या पट्ट्यांनी पाय बांधले, खालून गोणपाट घातलं, चारी कोपऱ्यांना दोर. नळ्या वर चढवताना आम्ही जी गाठ मारतो ती मारली. तिच्या पोटाखालून हात घातला तेव्हा आत काहीतरी हललं. मी मामाकडं बघितलं. बोलता येईना, म्हणून बोटानं पोट दाखवलं. त्यानं मान डोलावली आणि वर हात केला. ओढा.

हरणी निम्म्यावर गेली आणि लाईट आली.

आमच्याकडच्या शेतकऱ्यांची सवय तुम्हाला माहीत असेल. लाईट कधी येईल याचा नेम नाही, दर वेळी स्टार्टरची पेटी असलेल्या खोपटापर्यंत कोण धावणार? म्हणून स्टार्टरच्या हिरव्या बटणात काडी खुपसून ठेवायची. लाईट आली की मोटार आपोआप चालू. तात्यांनीही ठेवली होती आणि विसरले होते. मोटार विहिरीतच धडाडली. त्या बंद जागेत तो आवाज म्हणजे डोंगर अंगावर आल्यासारखा. हरणी गोणपाटात उसळली, दोर वरच्यांच्या हातातून हातभर सरसरत घसरला. मी खालून हात पसरून उभा राहिलो, ती अंगावर पडली तर काय होणार होतं देव जाणे.

पण दोर थांबला. वर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. वरच्या पाचजणांच्या तळहातांची कातडी निघाली आणि एकाच्याही तोंडून 'अरे' निघालं नाही. लाईट आली की 'लाईट आली!' म्हणून ओरडणारं आमचं गाव, चिंचेखाली बसलं होतं तसंच बसून राहिलं. तात्यांना दोर सोडता येईना. ते फक्त खोपटाकडं बघत होते.

धावल्या त्या गोदाकाकू. वाटेवरून हरभऱ्यात शिरल्या, चपला मागंच राहिल्या. आयुष्यात त्यांनी त्या पेटीला हात लावला नव्हता, शॉक बसतो म्हणून तात्याच लावू द्यायचे नाहीत. त्यांनी काडी उपटली आणि लाल बटण दाबलं. मोटार कण्हत कण्हत थांबली. आणि मग जी शांतता झाली, तशी मी कुठंच ऐकलेली नाही.

वर काढल्यावर चौघांनी गोणपाट उचललं आणि पालखीलाही कोणी जपत नसेल तसं चालत अभयारण्याच्या कडेला नेलं. चिंचेखालचं कोणी उठलं नाही. गोदाकाकू लांब बांधावर उभ्या, हात जोडलेले, ताट नाही, कुंकू नाही. मामानं पायांच्या पट्ट्या सोडल्या, सगळ्यांना मागं पाठवलं, शेवटी उपरणं ओढून स्वतः गवतात आडवा झाला. हरणी उभी राहिली. लडखडली. दोन पावलं गेली, थांबली, आणि मग एकच उडी आणि गवत मिटलं.

कोणी टाळी वाजवली नाही. मामा चालत चिंचेपाशी आला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "च्या टाका."

मग काय विचारता! सगळं गाव एकदम बोलायला लागलं. तात्या सोललेले हात हवेत धरून ओरडत होते, "हरभरा तिनं खाल्ला, कांद्याच्या पान्याची पाळी तिनं घालवली, हाताची सालटी तिनं काढली! आता बाळंतविडा बी मीच करू का?"

"काडी कुनी घातली हुती?" गोदाकाकूंनी विचारलं. तात्या एकदम कपबशीकडं वळले.

मी मामाला म्हटलं, "वाचली."

"न्हाई रं. आता कळायचं न्हाई ते. अशी जनावरं दोन-चार दिसांनी बी मरत्यात. घेतलेला दचका आत बसतो."

"मग जाऊन बघू की."

"बघायला गेलो की ती पळंल. पळाली की पोटातलं टाकंल. जायाचं न्हाई." मग त्यानं वर बोट केलं. "मेली तर गिधाडं सांगत्याल."

पुढचे दोन दिवस मी तिथंच होतो. त्या दोन दिवसांत पाहिलं ते काळविटांपेक्षा मोठं वाटतं मला. ज्वारी राखणारी बाई गोफण फिरवता फिरवता वर बघत होती. तात्या पट्टी बांधलेल्या हातानं कांद्याला पाणी देत होते आणि मधेच मान वर. सकाळी दारं उघडली की माणसं आधी अभयारण्याच्या बाजूचं आभाळ बघायची, मग तोंड धुवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी एक काळा ठिपका गोल फिरायला लागला तेव्हा शाळेजवळ उभी असलेली सगळी माणसं जागच्या जागी थांबली. घार होती. गोदाकाकूंनी श्वास सोडलेला मला रस्त्याच्या पलीकडून ऐकू आला.

रजा संपत आली. निघताना जीपच्या टपावर बसलो, ते आभाळ कर्जतपर्यंत दिसत राहावं म्हणून. जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: रेहेकुरीला थंडीत जा, पहाटे जा, पाणी बरोबर न्या, आणि बोलायची सवय कर्जतच्या स्टँडवर ठेवून जा. तिथं काम करणारी माणसं अभयारण्याच्या पाटीवर दिसणार नाहीत. ज्यांचा हरभरा खाल्ला जातो आणि तरी जे दोर सोडत नाहीत, ती सगळी तिथली राखणदारच आहेत. ती माझ्या जिल्ह्याची आहेत, हे मी आता कोणालाही, कुठंही, न लाजता सांगतो.

जामनगरला पोचल्यावर आंघोळही न करता एसटीडी बूथ गाठला. मामाच्या गावात फोन एकच, दूध डेअरीवर. निरोप दिला, थोड्या वेळानं पुन्हा लावला. मामा धापा टाकत आला.

"मामा, आभाळ?"

"रिकामं हाय," तो म्हणाला. "पाचवा दीस. निळंभोर हाय, एक बी न्हाई."

पुढं मला खूप काही विचारायचं होतं. गोदाकाकू कशा आहेत, तात्यांचे हात बरे झाले का, पोटातलं पिल्लू कधी होईल. एकही शब्द फुटला नाही. तिकडं मामाही काही बोलेना. तारेत नुसती खरखर. काचेपलीकडं मीटरचे आकडे पळत होते. बूथवाल्यानं दार किलकिलं करून विचारलं, "लाईन कट गई क्या?"

मी हातानंच सांगितलं, नाही, चालू आहे.